तारीख असलेला पट्टा

18 फेब्रुवारी 2001. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात डेटोना येथे मोटार शर्यतीची शेवटची फेरी सुरू होती. अंतिम रेषा काही सेकंदांवर आली होती. तिसऱ्या स्थानावर धावणारी, 3 क्रमांकाची काळी शेव्हर्ले गाडी शेवटच्या वळणावर घसरली, उतारावरून वर चढली आणि बाहेरच्या काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. जवळजवळ त्याच क्षणी दुसरी एक गाडी तिच्या उजव्या बाजूवर येऊन धडकली. दोन्ही गाड्या घसरत खाली आल्या आणि गवतावर थांबल्या. गाडी उलटली नाही, पेटली नाही. त्याच दुपारी काही फेऱ्या आधी एक गाडी हवेत उलटीपालटी होऊन पडली होती आणि तिचा चालक वाचला होता. त्यामुळे हा अपघात पाहणाऱ्यांना फारसा भयंकर वाटला नाही.

सायंकाळी 5 वाजून 16 मिनिटांनी रुग्णालयात डॉक्टरांनी त्या काळ्या गाडीच्या चालकाला मृत घोषित केले. त्याचे नाव डेल अर्नहार्ट. वय 49. सात वेळा राष्ट्रीय विजेता आणि अमेरिकेच्या घराघरात ठाऊक असलेला शर्यतपटू. पाच दिवसांनी आयोजकांनी जाहीर केले, की त्याच्या कमरेवरील डाव्या बाजूचा पट्टा तुटलेला सापडला आहे. माणसाला जखडून ठेवण्यासाठीच बनवलेला पट्टा तुटतो कसा, हा प्रश्न मग न्यायालयापासून प्रयोगशाळेपर्यंत सर्वत्र विचारला गेला. शर्यतीच्या पट्ट्यावर औषधाच्या पाकिटासारखी मुदतीची तारीख का छापतात आणि आपल्या मोटारीतील सीटबेल्टवर ती का नसते, हे समजून घ्यायलाही अर्नहार्टच्या आयुष्याची गोष्ट उपयोगी पडते.

गिरणीच्या गावातला मुलगा

डेलचा जन्म 29 एप्रिल 1951 रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील कॅनापोलिस येथे झाला. हे गाव कापडगिरणीचे. टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या गिरणीभोवतीच ते वाढले होते. डेलचे वडील राल्फ यांनीही गिरणीत काम केले. पण त्यांचा जीव मोटारींत होता. मातीच्या छोट्या धावपट्ट्यांवर शर्यती मारून, बक्षिसाच्या पैशांवर घर चालवण्याची हिंमत त्यांनी केली. 1956 मध्ये त्यांनी नॅस्कार या संघटनेच्या स्पोर्ट्समन विभागाचे विजेतेपद मिळवले.

डेलने नववीतच शाळा सोडली. वडिलांना ते मुळीच आवडले नाही. पण मुलाने त्यांचाच धंदा उचलला होता. 1973 मध्ये राल्फ हृदयविकाराने गेले, तेव्हा ते 45 वर्षांचे होते आणि डेल अवघा बावीस. पुढची काही वर्षे ओढाताणीत गेली. उधार-उसनवार करून गाडीचे भाग घ्यायचे, शनिवार-रविवारी शर्यत मारायची आणि जिंकलेल्या पैशांतून देणे फेडायचे, असा क्रम होता. 1975 मध्ये शार्लट येथे तो सर्वोच्च श्रेणीतील पहिली शर्यत धावला. पूर्ण हंगाम मिळायला मात्र 1979 उजाडले. त्या वर्षी ब्रिस्टल येथे त्याने पहिला विजय मिळवला आणि सर्वोत्तम नवोदिताचा मान पटकावला. पुढच्याच वर्षी, 1980 मध्ये, तो राष्ट्रीय विजेता झाला. लागोपाठच्या दोन वर्षांत हे दोन्ही मान मिळवणारा तो पहिलाच.

1984 पासून तो रिचर्ड चिल्ड्रेस यांच्या संघासाठी कायमचा धावू लागला. 1986, 1987, 1990, 1991, 1993 आणि 1994 अशी आणखी सहा विजेतेपदे आली. पुढच्या गाडीला मागून हलका धक्का देऊन वाट करून घेण्याच्या त्याच्या धसमुसळ्या शैलीमुळे त्याला धाक घालणारा या अर्थाचे टोपणनाव पडले. निम्मे प्रेक्षक त्याच्यासाठी टाळ्या वाजवत, निम्मे त्याच्या नावाने ओरडत. पण त्याच्याकडे दुर्लक्ष कोणी करत नसे.

शरीराने याची किंमत मोजलीच. 1979 मध्ये पोकोनो येथील अपघातात दोन्ही बाजूंची गळ्याजवळची हाडे, म्हणजे कॉलरबोन, मोडली. चार शर्यती हुकल्या. 1982 मध्ये त्याच धावपट्टीवर गुडघ्याची वाटी फुटली. जुलै 1996 मध्ये टॅलाडेगा येथे गाडी उलटली, कॉलरबोन आणि छातीचे मधले हाड मोडले. पुढच्याच आठवड्यात इंडियानापोलिसला तो गाडीत बसला. काही फेऱ्यांनंतर दुसऱ्या चालकाकडे गाडी सोपवताना त्याच्या डोळ्यांत पाणी होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात वॉटकिन्स ग्लेन येथे त्याने सर्वांत वेगवान फेरी मारून पहिले स्थान घेतले आणि शर्यतीत सहावा आला. अशा माणसाला आपले शरीर आणि आपली गाडी दोन्ही न मोडणारी वाटू लागली, तर नवल नाही.

डेटोनाची मुख्य शर्यत मात्र त्याला वीस वर्षे हुलकावणी देत राहिली. कधी शेवटच्या फेरीत टायर फुटला, कधी गाडी घसरली. अखेर फेब्रुवारी 1998 मध्ये तो ती जिंकला, तेव्हा सगळ्या संघांचे कारागीर रांग लावून त्याच्याशी हात मिळवायला उभे राहिले. त्यानंतर मानेच्या मणक्यांमधील चकती सरकल्याने शस्त्रक्रिया करावी लागली. ती झाल्यावर 2000 च्या हंगामात तो पुन्हा तरुणासारखा धावला. त्या ऑक्टोबरमध्ये टॅलाडेगाला शेवटच्या पाच फेऱ्या उरल्या असताना तो अठरावा होता. शर्यत संपली तेव्हा पहिला. त्याचा तो 76वा आणि शेवटचा विजय.

पाच पट्टे

त्याच्या गाडीत चालकाला जखडणारे पाच पट्टे होते. दोन खांद्यांवरून, दोन कमरेच्या दोन बाजूंनी आणि एक मांड्यांच्या मधून. पाचही पट्टे पोटासमोर एका बकलमध्ये अडकतात. या जोडणीला हार्नेस म्हणतात.

पट्टा माणसाला नुसता बांधून ठेवत नाही. गाडी भिंतीवर आदळते तेव्हा ती थांबते. आतला माणूस मात्र जडत्वामुळे आधीच्याच वेगाने पुढे जात राहतो. त्याला कोणीतरी थांबवावेच लागते. पट्टा नसेल तर ते काम स्टिअरिंग किंवा काच करते. पट्टा असेल तर तो माणसाला गाडीबरोबरच थांबवायला सुरुवात करतो आणि स्वतः थोडा ताणला जाऊन थांबण्याचा काळ काही हजारांश सेकंदांनी वाढवतो. तेवढ्यानेही शरीरावरचा भार पुष्कळ कमी होतो. शिवाय तो भार शरीराच्या मजबूत हाडांवर, म्हणजे कटीची हाडे, कॉलरबोन आणि छातीचा पिंजरा यांवर वाटला जातो. म्हणूनच कमरेचा पट्टा कटीच्या हाडावर, खाली बसायला हवा. तो पोटावर चढला, तर आतडे फाटणे, मणका मोडणे अशा दुखापती खुद्द पट्ट्यामुळे होतात.

थोडक्यात, पट्टा म्हणजे ठरावीक प्रमाणात ताणला जाणारा धागा. फार ताणला गेला, तर माणूस स्टिअरिंगवर जाऊन आदळतो. ताण एकाच जागी आला, तर पट्टा फाटतो. आणि एकदा मोठा ताण घेऊन झाला, की धागे कायमचे लांबतात. पुढच्या वेळी ताणायला त्यांच्यात फारसे काही उरत नाही.

मानेचा प्रश्न

पाच पट्ट्यांनी धड सीटला घट्ट बांधले गेले. पण डोके मोकळेच राहिले. मोठ्या माणसाचे डोके साडेचार-पाच किलोचे. त्यात हेल्मेटचे दीड किलो धरा. गाडी अचानक थांबताना गुरुत्वाकर्षणाच्या पन्नासपट भार आला, तर हे सहा-साडेसहा किलोचे ओझे तीनशे किलोहून अधिक जोराने पुढे खेचले जाते. धड जागेवर, डोके पुढे आणि मधे फक्त मान. ही ओढ कवटीच्या तळाशी पोहोचते. तिथे हाडाचे एक कडे आहे, त्यातून मेंदूचा देठ खाली मज्जारज्जूला मिळतो. श्वास आणि हृदयाचे ठोके चालवणारी केंद्रे त्या देठात असतात. हे कडे मोडले, तर आतल्या रक्तवाहिन्या आणि मेंदूचा देठ फाटतो. या दुखापतीला बेसिलर स्कल फ्रॅक्चर म्हणतात. गाडीचा पत्रा फारसा चेपलेला नसतो, चेहऱ्यावर ओरखडाही नसतो आणि तरीही माणूस जागीच गेलेला असतो.

2000 या एकाच वर्षात नॅस्कारचे तीन तरुण चालक असेच गेले. मे महिन्यात अ‍ॅडम पेटी, जुलैत त्याच न्यू हॅम्पशायरच्या धावपट्टीवर केनी अर्विन आणि ऑक्टोबरमध्ये टेक्सासला टोनी रोपर.

यावर उपाय तोवर निघालेला होता. 1981 मध्ये एका मित्राचा असाच मृत्यू झाल्यावर शर्यतपटू जिम डाउनिंग यांनी आपले नातेवाईक, मिशिगन स्टेट विद्यापीठातील जैवयांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांना काहीतरी करायला सांगितले. हबर्ड यांनी ऐंशीच्या दशकात हॅन्स नावाचे साधन तयार केले. ही खांद्यांवर बसणारी एक कडक कॉलर. खांद्यांचे पट्टे तिच्यावरून जातात आणि तिला दाबून धरतात. मागून दोन छोट्या दोऱ्या हेल्मेटला जोडलेल्या असतात. धड थांबले, की डोकेही त्याच्याबरोबर थांबते. मानेवर ओढ येत नाही.

डेटोनाच्या त्या दिवशी मोजक्याच चालकांनी हॅन्स लावले होते. अर्नहार्ट त्यांत नव्हता. त्याने या साधनाची जाहीर खिल्ली उडवली होती. त्यात आपला गळा आवळला जाईल, असे त्याला वाटे. बहुतेकांनी पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट स्वीकारले, तरी तो उघड्या चेहऱ्याचेच वापरी. सीटवर खूप खाली, जवळजवळ रेलून बसायचीही त्याची सवय होती. वीस वर्षे ज्या पद्धतीने जीव वाचला, ती पद्धत त्याला बदलावीशी वाटली नाही. रुग्णालयात रक्तदाबाच्या गोळ्या नाकारणारा, आजवर काही झाले नाही असे सांगणारा रुग्ण प्रत्येक डॉक्टरला माहीत असतो. अर्नहार्टचा हिशेब त्याहून फार वेगळा नव्हता.

एकीकडे सरकलेला पट्टा

भिंतीवर आदळताना गाडीचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास होता. ती तिरकी आदळली, त्यामुळे सगळा वेग एकदम संपला नाही. पण एका सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात वेगात ताशी सुमारे सत्तर किलोमीटरचा फरक पडला. शवविच्छेदनात कवटीच्या तळाचे कडे मोडलेले आढळले. डाव्या बाजूच्या बरगड्या, छातीचे मधले हाड आणि डावा घोटाही मोडला होता.

तुटलेल्या पट्ट्याची बातमी आल्यावर वाद पेटला. पट्टे बनवणाऱ्यांनी सांगितले, की पट्टा नीट बसवला नव्हता. संघाने ते मानले नाही. पहिल्यांदा गाडीपाशी पोहोचलेल्या एका मदतनिसाने तर पट्टा आपण पाहिला तेव्हा अखंड होता, असे सांगितले. शवविच्छेदनाची छायाचित्रे कोणी पाहायची यावरून न्यायालयात भांडण गेले. तोडगा म्हणून ड्यूक विद्यापीठातील तज्ज्ञ डॉ. बॅरी मायर्स यांना ती एकदाच पाहू देण्यात आली. त्यांचा निष्कर्ष होता, की डोक्याला धरून ठेवणारे काहीच नव्हते. पट्टा शाबूत राहिला असता, तरी ही जीवघेणी दुखापत झाली असती.

ऑगस्ट 2001 मध्ये नॅस्कारने नेमलेल्या तज्ज्ञांचा सविस्तर अहवाल आला. त्यांच्या मते मृत्यूला एकच कारण नव्हते. दुसऱ्या गाडीच्या धडकेने अर्नहार्टचे शरीर उजवीकडे सरकले, भिंतीचा धक्का बसताना डावा पट्टा तुटला आणि डोक्याच्या मागच्या भागावर आघात झाला. या सगळ्यांचा एकत्रित परिणाम झाला. पट्टा कापलेला नव्हता. लांबी कमी-जास्त करण्यासाठी पट्टा धातूच्या ज्या चौकटीतून ओवलेला असतो, तिच्यात तो एका कडेला गोळा झाला होता. तीन इंच रुंदीच्या पट्ट्यावर पसरायला हवा असलेला भार त्यामुळे एका कडेच्या मोजक्या धाग्यांवर आला. ते तुटले, मग शेजारचे तुटले आणि कापड टराटरा फाटावे तसा पट्टा आडवा फाटत गेला.

पट्टा जुना झाला म्हणून तुटला, असे चौकशीने म्हटले नाही, हे नीट ध्यानात घ्यायला हवे. पण पट्टा कधीच दगा देत नाही, हा समज त्या दिवशी संपला. तो धाग्यांचा बनलेला आहे. तो चुकीचा ओवला, चुकीच्या कोनात बसवला किंवा झिजला, तर तुटतो.

तारीख कशासाठी?

अमेरिकेत शर्यतीच्या साधनांची मानके ठरवणाऱ्या एसएफआय या संस्थेच्या नियमानुसार हार्नेस तयार झाल्यापासून दोन वर्षे चालतो. एफआयए या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मानकात ही मुदत पाच वर्षांची आहे. कोणत्या वर्षानंतर पट्टा वापरू नये, ते लेबलवर छापलेले असते. दोन्हीकडचे पट्टे साधारण त्याच प्रकारच्या धाग्यांचे. मग मुदतीत एवढा फरक का? कारण तारीख म्हणजे धागा मरण्याचा दिवस नव्हे. धागा हळूहळू अशक्त होत जातो. त्यातला कोणता टप्पा धोक्याचा मानायचा, हे माणसांनी ठरवले आहे.

हार्नेस नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा असतो. पॉलिएस्टर कमी ताणले जाते, त्यामुळे आता त्याचाच वापर जास्त. दोन्हींत रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात आणि धाग्याची ताकद त्या साखळ्यांत असते. उन्हातील अतिनील किरण या साखळ्या तोडतात. गच्चीवरची नायलॉनची दोरी काही उन्हाळ्यांनंतर भुसभुशीत होते, ती यामुळेच. धूळ आणि वाळूचे कण विणीत शिरतात आणि पट्टा ओढला जाताना प्रत्येक वेळी आतून धागे कापतात. बॅटरीचे आम्ल नायलॉनला खाते, तीव्र क्षार पॉलिएस्टरला. घाम, तेल, इंजिनाची उष्णता यांची भर पडते. पट्टा ज्या शिवणीने जोडलेला असतो, तो दोराही असाच झिजतो.

शर्यतीच्या गाडीत हे सगळे एकत्र येते. खिडकीला काच नसते, पट्टे उघड्यावर लोंबतात. प्रत्येक शर्यतीत ते जोर लावून आवळले जातात, चालक घामाने निथळतो, गाडीच्या धक्क्यांनी पट्ट्यावर सतत ताण येत राहतो. लहानमोठ्या धडका नित्याच्याच. मेकॅनिक पट्टे काढतात, धुतात, पुन्हा ओवतात. हॅन्स आल्यापासून तर मानेचे रक्षणही खांद्यांच्या पट्ट्यांवरच अवलंबून आहे. ते सैल पडले किंवा फार ताणले गेले, तर हॅन्सही जागेवर राहत नाही. या गाड्यांत मदतीला एअरबॅग नसते. सगळी भिस्त पट्ट्यांवर.

आता खरी अडचण. पट्ट्यात किती ताकद उरली आहे, हे पाहून सांगता येत नाही. रंग उडाला, कडा उसवल्या, तर शंका घेता येते. पण चांगला दिसणारा पट्टाही आतून अशक्त असू शकतो. ताकद नक्की कळण्याचा मार्ग एकच, यंत्रात घालून तो तुटेपर्यंत ताणणे. पण तपासलेला पट्टा मग वापरायला उरत नाही. शर्यतीच्या सकाळी शेकडो पट्ट्यांची अशी परीक्षा घेता येत नाही, म्हणून तपासनीस तारीख पाहतो. जी तपासणी करणे शक्य नाही, तिची जागा ती तारीख घेते. औषधाच्या गोळीचेही तसेच आहे. मुदतीच्या दुसऱ्या दिवशी गोळीचे विष होत नाही. पण तिच्यात पुरेसा गुण उरल्याची हमी आता कोणी देत नाही, आणि घरी बसून ते तपासण्याची सोय नाही.

आपल्या गाडीतील पट्टा

मग रोजच्या मोटारीतील पट्ट्यावर तारीख का नाही? कारण त्याचे आयुष्य वेगळे आहे. वापरात नसताना तो गुंडाळीत, सावलीत असतो. गाडीच्या काचा अतिनील किरणांचा बराच भाग अडवतात. गाडीच्या पूर्ण आयुष्यासाठी तो बनवलेला असतो. प्रकाश, उष्णता, थंडी, पाणी आणि घासणे या सगळ्यांतून काढल्यावरही पुरेशी ताकद उरते का, याची चाचणी मानकातच आहे. कारखान्यात एकदा बसवल्यावर त्याला कोणी ओवत-काढत बसत नाही. बहुतेक पट्ट्यांवर तर आयुष्यात एकदाही मोठा भार येत नाही. एअरबॅग त्याच्या जोडीला असते.

पण तारीख नाही, याचा अर्थ तो अमर आहे असा नव्हे. मोठ्या धडकेत ज्या पट्ट्याने माणूस वाचवला, त्याचे काम संपले. गाडी दुरुस्त करताना पत्रा आणि रंग नवा होतो, पट्टा मात्र तोच ठेवला जातो. ही बचत महागात पडते. कडा उसवलेला, कापला गेलेला, कडक झालेला किंवा झटक्याने ओढल्यावर न अडकणारा पट्टा बदलायलाच हवा. जुनी गाडी घेताना ती कधी ठोकली होती का, हे पट्ट्यासाठीही विचारावे. बझर बंद करण्यासाठी बकलमध्ये नुसती क्लिप अडकवणे म्हणजे धडधाकट पट्टा असून नसल्यासारखा करणे. मागच्या सीटवरही पट्टा तितकाच गरजेचा. हौसेने साध्या गाडीत शर्यतीचा हार्नेस बसवणेही धोक्याचे. तो त्याच्या खास सीट, पिंजरा आणि हॅन्स यांच्यासह काम करण्यासाठी बनवलेला असतो. लहान मुलांच्या सीटवर मात्र मुदत छापलेली असते, ती पाहावी. सह्याद्रीत रॅपलिंगला जाणाऱ्यांनी दोर आणि हार्नेस कधीचे आहेत, हे आयोजकांना जरूर विचारावे. ऊन, पाऊस आणि खडकावरचे घासणे त्या धाग्यांनाही चुकत नाही.

अर्नहार्टच्या मृत्यूनंतर अनेक चालक आपणहून हॅन्स वापरू लागले. ऑक्टोबर 2001 मध्ये शार्लटला आणखी एक तरुण चालक अशाच दुखापतीने गेला आणि त्याच महिन्यात नॅस्कारने डोके-मान धरून ठेवणारे साधन सक्तीचे केले. 2002 पासून गाड्यांमध्ये अपघाताची नोंद ठेवणारी काळी पेटी आली. नेब्रास्का विद्यापीठात तयार झालेली, धडक शोषून घेणारी पोलाद आणि फोम यांची भिंत धावपट्ट्यांवर बसू लागली. पट्टे कसे ओवायचे, कोणत्या कोनात बसवायचे आणि कधी फेकून द्यायचे, याकडे काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले. तेव्हापासून नॅस्कारच्या तिन्ही राष्ट्रीय मालिकांत शर्यतीतील अपघाताने एकही चालक दगावलेला नाही.

त्या दिवशी डेटोनाची शर्यत अर्नहार्टच्याच मालकीच्या संघाने जिंकली होती. पहिला आला त्याने नेमलेला मायकेल वॉल्ट्रिप आणि दुसरा त्याचा मुलगा डेल ज्युनियर. मुलगा त्यानंतरही अनेक वर्षे धावत राहिला, हॅन्स लावून. 2016 मध्ये मेंदूला बसलेल्या धक्क्याची लक्षणे दिसल्यावर त्याने ती लपवली नाहीत. डॉक्टरांचे ऐकून निम्मा हंगाम तो घरी बसला आणि बरा झाल्यावरच गाडीत परतला. 2017 च्या अखेरीस, त्रेचाळिसाव्या वर्षी, तो स्वतःच्या पायांनी चालत निवृत्त झाला.